मूड ताळ्यावर आला, मी कधी येणार?

बायपोलर आजार असलेल्या तरुण मुलामुलींवर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

माझ्या फाईलवर गेल्या दीड वर्षातल्या प्रत्येक भेटीपुढे एकच शब्द आहे: ‘स्टेबल’. त्यातल्या एका भेटीबद्दल सांगते. त्या दिवशी मी पाच मजले जिन्याने चढून आले होते. लिफ्ट चालू होती. पण लिफ्टचं दार बंद होऊ लागलं की माझा श्वास अडकतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आपण आता इथेच मरणार अशी खात्री पटते. खोलीत शिरले तेव्हा धाप लागली होती, वाक्यं तुटक आणि भरभर येत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, “बोलण्याचा वेग वाढलाय का हिचा? झोपते किती तास?” आई म्हणाली, “झोप व्यवस्थित आहे हो.” मग भूक, मग गोळ्या वेळेवर घेते का, मग ‘स्टेबल’. सात मिनिटांत आम्ही बाहेर. उतरतानाही जिनाच.

जिन्याचं मी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. मला वाटायचं, बायपोलर हा आजार आणि लिफ्टला घाबरणं हा माझा भित्रेपणा. आजारासाठी डॉक्टर असतात, भित्रेपणासाठी आईची बोलणी.

मी २५ वर्षांची आहे. बायपोलरचं, म्हणजे मूड कधी मॅनियात अति वर तर कधी डिप्रेशनमध्ये खोल जाण्याच्या आजाराचं, निदान १९व्या वर्षी झालं. त्या काळातून ज्यांनी मला ओढून बाहेर काढलं त्यांचे उपकार मी विसरलेले नाही, आणि कुणा एकाची उणीदुणी काढायला हे पत्र लिहीत नाही. मला बोलायचंय ते एका सवयीबद्दल. मूड शांत झाला की बाकीचं आपोआप मार्गी लागेल, असं तुमच्यापैकी बरेच जण धरून चालता. माझं तसं झालं नाही. माझ्यासारख्या ज्यांच्याशी मी बोलले, त्यांच्यातल्याही फार थोड्यांचं झालं.

‘कोमॉर्बिडिटी’ हा तुमचा शब्द. आल्व्हन फाइनस्टीन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० मध्ये तो वापरात आणला. एखाद्या आजाराचा अभ्यास चालू असताना त्याच रुग्णाला असलेला दुसरा कुठलाही वेगळा आजार, असा त्यांचा साधारण अर्थ होता. म्हणजे एक आजार यजमान, बाकीचे पाहुणे. मराठीत आपण ‘सहव्याधी’ म्हणतो, त्यातही तोच ‘सह’. माझी अडचण अशी की माझ्याकडे पाहुणे आधी आले आणि यजमान दहा वर्षांनी.

नऊ वर्षांची असताना शाळेच्या वेळेला पोटात कळ यायची. तपासण्या झाल्या, पोट ठणठणीत निघालं. रात्री उठून मी आईच्या नाकासमोर हात धरायची, श्वास चालू आहे ना ते बघायला. बारा-तेराव्या वर्षी पहिला पॅनिक अटॅक आला, त्याला घरात ‘चक्कर आली’ असं नाव पडलं. वह्या हरवणं, वाक्य अर्धवट सोडून दुसरंच सुरू करणं, परीक्षेत पेपरचं मागचं पान न उलटताच उठून येणं, हे तर इतकं नेहमीचं की ‘हुशार आहे पण धांदरट’ हे माझं जणू टोपणनावच होतं. १९व्या वर्षी मॅनिया आला तो एवढा मोठा आवाज करत आला, की त्याआधीचं सगळं कुणाला ऐकूच आलं नाही. फाईलचं पहिलं पान तिथून सुरू होतं.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ देशांतल्या पाहणीत बायपोलर वर्गातल्या आजारांच्या साधारण तीन-चतुर्थांश लोकांना आयुष्यात आणखी किमान एक मानसिक आजार झालेला आढळला, आणि त्यात सगळ्यात जास्त चिंतेचे विकार होते, विशेषतः पॅनिक अटॅक. ती पाहणी प्रौढांची होती. मुलांबद्दल बोलायचं तर ‘कोर्स अँड आउटकम ऑफ बायपोलर यूथ’ हा अमेरिकेतला अभ्यास आहे. ७ ते १७ वयाच्या चारशेहून जास्त मुलांना त्यात घेतलं आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. त्यातल्या ४४ टक्के मुलांना कधी ना कधी चिंतेचा विकार होता. बायपोलर असलेल्या आईबापांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या संशोधकांनाही दिसलंय की काही मुलांमध्ये मूडचा पहिला झटका यायच्या कितीतरी आधी चिंता आणि झोपेच्या तक्रारी येऊन गेलेल्या असतात. तेव्हा ‘सह’ म्हणण्यापेक्षा ‘पूर्व’ म्हणावं, असं माझं आपलं बिगरडॉक्टरी मत.

आता निदानाबद्दल. बायपोलर आणि एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलपणाचा विकार) यांची लक्षणं एकमेकांत किती मिसळलेली असतात! बडबड, चळवळ, लक्ष न लागणं, एकातून दुसऱ्यात उडी. तुमच्यावर दोन्ही बाजूंनी दडपण असतं हे मला समजतं. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या बायपोलर निदानासाठी झालेल्या बाह्यरुग्ण भेटी जवळपास ४० पट वाढल्या. एवढी मुलं एकाएकी आजारी पडली नसणार. सदान्‌कदा चिडलेल्या, आदळआपट करणाऱ्या मुलांवरही तेच लेबल बसत होतं. म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, तशा मुलांसाठी वेगळं निदान आणावं लागलं. तेव्हा हात आखडता घेणारे डॉक्टर मला चुकीचे वाटत नाहीत. पण दुसरं टोकही तितकंच खरं आहे: बायपोलर एकदा लिहिलं की त्यानंतर दिसणारी प्रत्येक गोष्ट बायपोलरच्याच खात्यावर जमा होते. मी किल्ली विसरले तर ‘मूड वर जातोय का?’ आणि पुस्तकाचं एक पान वाचून होईना तर ‘डिप्रेशन येतंय का?’

या गुंत्यातून वाट काढली ती माझ्या आईने, आणि तिलाही ते कळलं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला सहज विचारलं, “ही लहानपणापासून अशीच आहे का?” आई म्हणाली, “धांदरट तर कायमचीच आहे हो. पण ते तीन आठवडे ही आमची मुलगीच नव्हती. रात्र रात्र जागायची आणि सकाळी मीच दमलेली असायचे, ही नाही.”

त्या एका उत्तरात दोन निदानं होती. एक बारमाही, शाळेपासून चालत आलेलं, म्हणजे एडीएचडी. दुसरं ठराविक दिवशी सुरू होऊन ठराविक दिवशी संपलेलं, म्हणजे मॅनिया. ‘झोप येत नाही’ आणि ‘झोपेची गरजच वाटत नाही’ यांतला फरकही तिने सांगून टाकला होता. पहिलं मला चिंतेने होतं, दुसरं फक्त मॅनियात झालं. हा प्रश्न विचारायला मोजून एक मिनिट लागलं. त्याआधीच्या चार वर्षांत तो कुणी विचारला नव्हता.

माझी तुम्हाला पहिली विनंती हीच आहे. नव्या रुग्णाच्या पहिल्या एक-दोन भेटींत एक आडवी रेघ ओढा, खाली वय लिहा आणि कोणतं लक्षण कधी आलं, कधी गेलं ते घरच्यांना बरोबर घेऊन भरा. फॉर्म नको, साधा कागद चालेल. आमच्या स्मरणशक्तीवर विसंबू नका. डिप्रेशनमध्ये मला सगळं बालपण काळं आठवतं, आणि मॅनियात मी जन्मापासून अलौकिक होते.

रेघ नसली की काय होतं तेही सांगते. १७व्या वर्षी मी घराबाहेर पडेनाशी झाले तेव्हा एका डॉक्टरांनी मला प्रश्नावली भरायला दिली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. डिप्रेशन मोजण्याचं ते चांगलं साधन आहे, पण त्या नऊपैकी एकही प्रश्न मॅनियाबद्दल नाही. घरात कुणाला असं काही होतं का, हेही विचारलं गेलं नाही. विचारलं असतं तर माझ्या मामाचं नाव निघालं असतं. मला नुसती अँटिडिप्रेसंटची गोळी मिळाली. काही आठवड्यांनी मी चार-पाच दिवस दोन-तीन तास झोपून टवटवीत होते, भिंतभर चित्रं काढत होते, आणि सगळे म्हणाले, “गुण आला!” गोळीनेच ते झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बायपोलरमध्ये मूड स्टॅबिलायझरशिवाय, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय, दिलेल्या अँटिडिप्रेसंटने मूड उसळू शकतो, हे तुमच्याच पुस्तकांत आहे. निदान व्हायला पुढे दोन वर्षं गेली. तरी मी सुदैवी. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजात आजार सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंतचा सरासरी काळ जवळपास सहा वर्षांचा निघाला होता.

मूड आधी सावरायचा, बाकीचं नंतर, हा तुमचा क्रम मला मान्य आहे. पेटलेल्या घरात नळाची गळती कुणी दुरुस्त करत नाही. माझं म्हणणं त्या ‘नंतर’बद्दल आहे. ‘नंतर’ला तारीख नसते. मॅनिया ओसरला तेव्हा सांगितलं, “आधी सहा महिने स्थिर राहू दे.” राहिले. मग म्हणाले, “आता चाललंय ते बिघडवायला नको.” म्हणजे आजारी असताना वेळ नाही आणि बरी असताना धोका नको. मधल्या काळात माझं शिक्षण दोनदा सुटलं, आणि दोन्ही वेळा मूड अगदी सरळ रेषेत होता. एकदा तोंडी परीक्षेच्या दाराशी पॅनिक अटॅक आला म्हणून, आणि एकदा प्रकल्प जमा करायची तारीख चार वेळा विसरले म्हणून.

वाईट याचं वाटतं की ज्याला तुम्ही धोका म्हणता त्यातला काही धोका तपासून झालेला आहे. एडीएचडीच्या मिथिलफेनिडेट या औषधाने मॅनिया उसळेल ही भीती घ्या. २०१७ मध्ये स्वीडनच्या नोंदवह्यांवरून बायपोलर असलेल्या दोन हजारांहून जास्त प्रौढांचा अभ्यास झाला. मूड स्टॅबिलायझर नसताना हे औषध सुरू केलेल्यांमध्ये पहिल्या तीन महिन्यांत मॅनियाचा धोका सहा पटींहून जास्त वाढला. पण आधीपासून मूड स्टॅबिलायझर चालू असलेल्यांमध्ये तो वाढला नाही, उलट कमीच दिसला. एका अभ्यासावर, तोही प्रौढांच्या, सगळं ठरवू नये हे कळतं. तरी ‘कधीच नाही’ आणि ‘छत्री उघडून मग’ यांत फरक आहे की नाही? माझ्यासाठी हे औषध योग्य आहे का, हे तुम्हीच ठरवायचं. मला फक्त ती चर्चा व्हायला हवी होती.

आणि चिंतेचं तर त्याहून सोपं. तिच्यावर गोळीशिवायही उपचार आहे, आणि त्याने मूड उसळण्याची ती भीती नसते. त्यासाठी थांबायचं कशाला? शेवटी मला एका मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं गेलं, तेही डॉक्टर बदलल्यावर. पहिल्या दिवशी आम्ही लिफ्टसमोर नुसते उभे राहिलो. दुसऱ्या आठवड्यात मी आत, त्या बाहेर, दार उघडं. मग एक मजला. दार बंद झालं तेव्हा भीती दहापैकी नऊ होती. त्यांनी सांगितलं होतं की पळू नकोस, ती कुठवर चढते आणि कधी उतरते ते बघ. उतरली. मी किंवा कुणी ती खाली आणली नव्हती, आपणहून उतरली. हे मला नऊ वर्षांची असताना कळलं असतं तर! असो.

आता मुख्य मुद्दा, जो मला वाटतं तुमच्या नजरेतून निसटतो. या पाहुण्यांना बाजूला बसवून यजमानाची सेवा होत नाही, कारण घराच्या किल्ल्या पाहुण्यांकडे असतात.

माझंच बघा. मी लिथियम या मूड स्टॅबिलायझरवर आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियावर त्याचा गुण दाखवला. इतक्या वर्षांनीही ते पहिल्या फळीत टिकून आहे, आणि मला ते लागू पडतं. पण लिथियम म्हटलं की वरचेवर रक्ताची तपासणी आली: पातळी, किडनी, थायरॉइड. मला सुईची इतकी भीती की सलग तीन तपासण्या मी बुडवल्या. फाईलवर शेरा आला, ‘उपचारांना सहकार्य नाही’. गोळ्या विसरायचे तेव्हाही तोच शेरा. विसरणं हेच ज्याचं लक्षण आहे असा आजार मला असू शकतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग हात थरथरू लागले. ती चिंता होती की लिथियम? दोन्ही शक्य होतं, आणि मी घाबरून पाणी कमी पीत होते, ज्याने लिथियमची पातळी वाढू शकते. पुढे मरगळ आली. डिप्रेशन की थायरॉइड? त्या वेळी थायरॉइड निघालं. सुईच्या भीतीवर चार सत्रं खर्च केली असती तर यातली निम्मी धावपळ वाचली असती.

खाण्याच्या आजारांचंही असंच. काही औषधांनी वजन वाढतं हे तुम्ही सांगता, त्याबद्दल धन्यवाद. पण समोरची मुलगी आधीच भरमसाट खाऊन ओकत असेल तर वजनाच्या काट्यावरचे चार किलो तिच्यासाठी ‘दुष्परिणाम’ या शब्दात मावत नाहीत. ती गोळी गुपचूप बंद करेल आणि मॅनिया येईल तेव्हा कारण कुणाला कळणार नाही. ओसीडीबद्दल, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आणि त्याच त्या कृती करत राहण्याच्या विकाराबद्दल, मी फारसं लिहीत नाही, मला तो नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाला आहे. त्याला सगळ्यात जास्त त्रास ओसीडीचा होतो, पण त्यावरची नेहमीची औषधं बायपोलरमुळे जपून द्यावी लागतात. त्याला कुणी एवढं समजावून जरी सांगितलं असतं तरी तो डॉक्टर बदलत फिरला नसता. लहानपणी झालेल्या अत्याचारांबद्दल विचारायलाही तुम्ही बिचकता. अशा मुलांमध्ये आजार लवकर येतो आणि जास्त त्रास देतो, हे तुमचेच लोक सांगतात.

नशेबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. ७ ते १७ वयाच्या मुलांच्या त्याच अमेरिकन अभ्यासात, सुरुवातीला नशेचा विकार नसलेल्या किशोरवयीन मुलांपैकी सुमारे ३२ टक्के मुलांमध्ये तो पुढच्या चारेक वर्षांत उभा राहिला. म्हणजे निदान झालं, उपचार चालू आहेत, आणि तुमच्या डोळ्यांसमोर, फॉलोअपच्या दोन तारखांच्या मध्ये, हे घडतं. ती मुलं चैन करत होती असं समजू नका. दारूचे दोन घोट घेतले की लोकांत बसता येतं, गांजाने रात्री डोकं थांबतं; चिंता वाढली की हे शोध आपोआप लागतात. गांजाने मॅनिया बिघडतो हे नंतर कळतं. माझेही काही महिने असे गेले. तुम्ही विचारलं होतंत, नाही असं नाही. “दारू, सिगारेट वगैरे काही?” आई शेजारी बसलेली. मी ‘नाही’ म्हटलं. आईसमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईलाच दिलं जातं.

म्हणून दुसरी विनंती: प्रत्येक भेटीत पाच मिनिटं घरच्यांना बाहेर बसवा. अल्पवयीन असो की सज्ञान. काय गुप्त राहील आणि जिवाला धोका असेल तर काय सांगावंच लागेल, हे आधी स्पष्ट बोला. त्या पाच मिनिटांत आत्महत्येबद्दलही थेट विचारा, आडवळणाने नको. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हे आता चांगलं माहीत झालंय. त्याच अभ्यासात पाच वर्षांत १८ टक्के मुलांनी किमान एकदा प्रयत्न केला होता. एका फाईलवर बायपोलर, चिंता आणि नशा एकत्र दिसत असतील तर ‘स्टेबल’ लिहिताना पेन जरा अडखळायला हवं.

वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही म्हणाल. बाहेर तीस जण बसलेले असतात, मीही त्यांत असते. सगळं एकाच डॉक्टरने करावं असं मी म्हणत नाहीच. पण सगळं एकाच्या तरी डोक्यात असावं. माझ्या बाबतीत मूडचे एक, झोपेचे दुसरे, समुपदेशक तिसऱ्या, आणि त्यांच्यात निरोप नेणारी मी, जिला एडीएचडी आहे! कुणी एकाने एक पान ठेवावं: कोणकोणते आजार, कोणता आधी हाताळतोय, कोणता थांबवलाय, का, आणि त्याकडे परत कधी वळणार. त्या ‘कधी’समोर तारीख हवी. त्या पानाची प्रत आम्हालाही द्या. कुटुंबाला बरोबर घेऊन करायची थेरपी आहे, दिनक्रम आणि झोपेच्या वेळा धरून चालणारी आहे. त्यातलं काय जवळपास मिळतं ते त्याच पानावर लिहिता येईल. मिळत नसेल तर तसं लिहा. ‘नाही’ हे उत्तरही चालतं, निदान आम्ही आमच्यात खोट शोधत बसत नाही.

आई हे पत्र वाचून म्हणाली, “एवढं सगळं त्यांना लिहितेस, समोर बसल्यावर मात्र ‘ठीक आहे’ म्हणतेस.” खरं आहे तिचं. समोर बसलं की मला ‘ठीक आहे’च येतं. ते माझं बारमाही लक्षण आहे, त्या आडव्या रेघेवर नवव्या वर्षापासून भरून घ्या.

पुढचा फॉलोअप महिन्याअखेरीस आहे, त्याच पाचव्या मजल्यावर. धापा टाकत आत आले, तर झोप किती तास हे विचारायच्या आधी वर कशी आले ते विचारा.

आपली,
एक रुग्ण